दुकानात मांडलेला रामराम

इंद्रायणीचं भात पिकलं की वास येतो असं मी तळेगावात कुणाला सांगितलं, तर त्यांना वाटतं मी कुकरचं झाकण उघडल्यावरच्या वासाबद्दल बोलतेय. तो वेगळा. मी म्हणते तो उभ्या पिकाचा. सकाळी कामशेत सोडून बेडशाच्या बाजूला वळलं की गाडीची काच खाली करायची. दवानं जड होऊन वाकलेल्या लोंब्या, बांधावरचं ओलं गवत, कालच कापलेल्या एखाद्या वाफ्यातली उघडी माती, आणि या सगळ्यावर एक गोडसर, जरा दुधाळ वास. यंदा तो मला काल आला. आणि आठवावं काय? ॲप स्टोअर! हसा खुशाल, माझा नवराही हसतो. पण पिकलेलं भात आणि तापलेला लॅपटॉप हे दोन वास माझ्या नाकात एकत्र बसलेत ते बसलेतच.

त्या वर्षी गणपतीच्या आसपास आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय पुढे काठीच्या आधाराने चालायला लागला, उजवा हात लोंबतच राहिला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. पेपरही वाचायचे. पण डोक्यातला शब्द तोंडापर्यंत पोचायचा नाही, ‘ता, ता’ एवढंच यायचं. डाव्या हाताने लिहायला पाटी दिली, तर काढलेलं अक्षर त्यांचं त्यांनाच लागेना. पाटी अंगणात भिरकावली.

माणूस बोलेनासा झाला की लोक आधी त्याच्याशी मोठ्याने बोलतात, मग लहान लहान वाक्यांत बोलतात, आणि मग बोलायचंच सोडतात. हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. घरी आलेला पाहुणा आईला विचारायचा, आबांनी चहा घेतला का. आबा समोरच कप हातात धरून बसलेले असायचे. वरच्या वावरात हरभरा टाकायचा की वाटाणा, हे नाना, म्हणजे माझे चुलते, त्यांच्यापुढेच उभं राहून परस्पर ठरवून मोकळे व्हायचे. नानांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्या माणसाला विचारल्याशिवाय घरातलं वासरूसुद्धा हललं नाही, त्या माणसाला कुणी काही विचारेना, याचा मला इतका संताप यायचा की परतीच्या वाटेवर गाडीत एकटीच भांडत यायचे मी.

लोणावळ्याला स्पीच थेरपीच्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे रविवारी आबांना न्यायचे. पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत आम्ही, पुढच्या गाडीतली पोरं छतातून डोकं काढून ओरडणार, आणि आबा त्यांच्याकडे रोखून बघत बसणार. बाई भल्या. त्या म्हणाल्या, बोलणं परत येईल की नाही ते आज सांगता येत नाही, पण बोलायची इच्छा मरू देऊ नका, ती एकदा गेली की आम्हीही काही करू शकत नाही. त्यांनी चित्रांचं एक ॲप दाखवलं. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. त्यात तरणतलाव होता, पिझ्झा होता, विळा नव्हता. आबांनी पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं. एक तरुण मुलगी नाजूक यांत्रिक आवाजात म्हणाली, ‘मला पाणी हवे आहे.’ आबांनी तोंड फिरवलं, ते बाईंच्या दारातून बाहेर पडेपर्यंत.

आता मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. मग बापासाठी लिहायला काय धाड भरली होती? फोनवर त्यांचं बोट एका जागी ठरत नव्हतं, म्हणून बोटाने दाबता येणाऱ्या मोठ्या पडद्याच्या लॅपटॉपवर चालेल असं करायचं ठरवलं. पडद्यावर हाताच्या पंजाएवढे चौकोन, त्यात चित्र आणि शब्द, दाबला की आवाज. लागणारी हत्यारं सगळी ओपन सोर्स, म्हणजे जगभरच्या लोकांनी बनवून, आतला कोड उघडा ठेवून, घ्या नि वापरा म्हणून मांडून ठेवलेली. आणि आवाज नानांचा. दोघा भावांचा आवाज इतका सारखा की फोनवर आईही फसायची. रेकॉर्डिंग आम्ही भाताच्या कणगीच्या खोलीत केलं, कारण तिथे आवाज घुमत नव्हता. नाना पोत्यावर बसून, गळा खाकरून, शाळेत कविता म्हणावी तसे एकेक वाक्य म्हणायचे. ‘गुरांना पानी दावलं का.’ ‘मीठ कमी हाय.’ ‘आमच्या घरचं मानूस येतंय.’ ‘मला इचारा.’ हे शेवटचं वाक्य त्यांनी आपणहून घातलं.

सुरुवातीच्या पानाबद्दल मात्र ते अडून बसले. पहिल्या पानावर एकच चौकोन पाहिजे, रामराम. तो दाबला की मग बाकीचे दिसतील. मी म्हटलं, नाना, घाईत पाणी मागायचं असलं तर? ते म्हणाले, “रामराम घातल्याबिगर कुनी बोलाय लागतं व्हय? लोकं आडानी म्हनतील आबाला.” मला ते पटलं. आजही पटतं.

आणि एवढं सगळं करून मी लॅपटॉप आबांपुढे ठेवला, फाइल उघडली, आणि पडद्यावर ही मोठी चौकट आली: प्रकाशक अनोळखी आहे, हे चालवल्यास तुमच्या संगणकाला धोका होऊ शकतो. खाली बारीक अक्षरात पर्याय, ‘तरीही चालवा’. आबांनी डाव्या हाताचं बोट ‘अनोळखी’वर टेकवलं, माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने ‘तरीही चालवा’ दाबलं. त्यांनी लॅपटॉप मिटला.

इथे आबांची नोकरी सांगायला हवी. कामशेतला लोकल पकडून ते घोरावाडीला उतरायचे, तिथल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, पास नाहीतर रिजेक्ट. सुपरवायझर म्हणायचा चालवून घ्या, ट्रक उभा आहे. आबा चालवून घ्यायचे नाहीत. घरीही तेच. भाकरीची कड, लग्नपत्रिकेतलं नाव, गवंड्याने घातलेली पायरी, सगळं डोळ्यांखालून जायचं. जावईसुद्धा त्यांनी उलटसुलट करून पाहिला होता. चांगलं कामही कधीकधी उगाच नापास करायचे, आईने शिवलेल्या गोधड्या विचारा. अशा माणसासमोर ‘तरीही चालवा’ दाबलं होतं मी.

“जलमभर पास केल्याबिगर कशाला हात लावला न्हाई त्यानं,” नाना म्हणाले. “तुज्या खेळन्याला लावंल व्हय?”

खेळणं! माझं टाळकंच सटकलं. तपासूनच पाहिजे ना? मग मी ते ॲप स्टोअरमध्ये घालून दाखवते. तिथे दुकानदाराची माणसं तपासतात, पास केलेलाच माल मांडतात, आणि मग ती अनोळखीची चौकट येत नाही. घाला म्हणाले की घातलं, असं नसतं ते, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसती पेटले होते.

हे सगळं चाललं कापणीत. काल वाफ्याच्या कडेला उभी होते तेव्हा विळ्याची ती खर्रखर्र ऐकली आणि त्या दिवसांतल्या सकाळी जशाच्या तशा आल्या. पवनेवरून धुकं वर सरकतंय, बायका डोक्याला टॉवेल बांधून ओळीने वाकल्यात, मूठ धरायची, कापायची, मागे पसरायची. मी ओसरीवर, मांडीवर लॅपटॉप. आबा खुर्चीत, शेताकडे तोंड करून. कंपनीचं काम मी सकाळी उरकायचे, दुपारनंतर आबांचं. हातात विळा नसलेलं, ऊन न लागलेलं काम घरात चोरट्यासारखं करावं लागतं, पण त्या वर्षी मी लाज सोडली होती.

पहिल्यांदा ॲप स्टोअरच्या तपासणीतून परत आलं ते एका पानासाठी. तुम्ही लोकांची माहिती गोळा करता का, हे सांगणारं पान कुठे आहे? अहो, मी कुणाची काहीच माहिती घेत नाही! मग घेत नाही असं लिहिलेलं पान कुठे आहे? मी चिडून ते आबांना वाचून दाखवलं, म्हटलं बघा, काय येडगळपणा. आबांनी ते नीट ऐकलं. मग डावी मूठ उचलून खुर्चीच्या हातावर दाणकन शिक्का मारल्यासारखी आपटली. आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा, पोटातून, खांदे हलवत. आई स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली, तिला वाटलं ठसका लागला. लेकीचा माल रिजेक्ट झाला म्हणून हसणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. मला रडू आलं आणि रागही आला, आणि मी ते पान लिहायला घेतलं.

तेव्हापासून ते निकालाची वाट बघायला लागले. मी आले की आधी लॅपटॉपकडे बोट. आलं का उत्तर? नाही म्हटलं की मान खाली. ॲपला मात्र हात लावायचे नाहीत, ते तत्त्वाचं.

पुढच्या खेपेला ॲप तपासणाऱ्याच्या हातात बंदच पडलं. नवा आवाज साठवायला गेलं की बंद. माझ्या लॅपटॉपवर छान चालत होतं. कारण सापडायला बरेच दिवस गेले. दुकानातून आलेल्या ॲपला स्वतःच्याच घरात, म्हणजे ज्या फोल्डरमध्ये ते बसवलं जातं तिथे, काही ठेवायला मनाई असते, ठेवायचं तर ओसरीवर, वेगळ्या नेमून दिलेल्या जागेत. मी सगळं घरातच कोंबत होते. ते निस्तरलं तर आवाज वाजेना, कारण नानांच्या आवाजाच्या फाइलींना मी मराठी नावं दिली होती आणि आवाज वाजवणाऱ्या हत्याराला काही यंत्रांवर ती वाचता येत नव्हती. नावं इंग्रजी करून सुटता आलं असतं. नाही केली. आज मी पळवाट काढली असती तर उद्या कुणा तेलुगू पोरीच्या बापाचा आवाज बंद पडला असता. त्या हत्याराची देखभाल करणारा माणूस दूरच्या कुठल्याशा थंड देशात राहतो. त्याला लिहिलं, कुठे अडतंय ते दाखवलं. त्याने आपला वेळ घालून दुरुस्त केलं, पैशाचं नावही नाही, उलट म्हणाला, तुझ्याकडे देवनागरीचं यंत्र आहे, तर माझ्या आणखी दोनचार गोष्टी तपासून देशील का. मी आठवडाभर त्याचं काम केलं.

आईला मी हे सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, “म्हंजी सावड हाय ही. आज त्यो आपल्या वावरात, उद्या आपुन त्येच्या.” म्हणाली आणि तिने पाठ फिरवली.

का फिरवली ते मला माहीत होतं. आमच्याकडे भाताची कापणी आणि झोडणी सावडीने होते. मजुरी नाही. आज सगळे आमच्याकडे, उद्या आम्ही त्यांच्याकडे, घरटी एक माणूस. त्या वर्षी आमची कापणी करायला सगळ्या आल्या, हिरामावशी सगळ्यात पुढे. हिरामावशीचं वावर आमच्या बांधाला लागून. पण संध्याकाळी आईने विचारलं, तुमच्याकडे कधी यायचं, तर मावशी मायेने म्हणाली, तुमी नका काळजी करू, तुमचं हे असं दुखणं, पुढच्या वर्षी बघू. नाना वेगळे राहतात, त्यांच्या घरचा माणूस त्यांच्या हिशेबात. आई आबांना सोडून जाऊ शकत नव्हती. म्हणजे सावडीतून आमचं घर प्रेमाने उतरवून ठेवलं होतं. आबा तिथेच खुर्चीत होते. मावशी निघून गेल्यावर त्यांनी ‘ता, ता, ता’ करून काहीतरी सांगायचा इतका जीव तोडून प्रयत्न केला की मानेच्या शिरा फुगल्या. आम्हाला कळेना. मी विचारत गेले, पाणी का, पंखा का, दुखतंय का. शेवटी त्यांनी हात झटकला, भिंतीकडे तोंड करून पडले, जेवले नाहीत. लोणावळ्याच्या बाईंनी म्हटलेली इच्छा म्हणजे काय आणि ती जाते म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी माझ्यासमोर होतं. मला भीती वाटली. आता हे ॲप पास व्हायलाच हवं होतं, लवकर.

आणि नेमकं तेव्हा ते रामरामावर अडलं. या वेळचा तपासणारा नवा असावा. त्याने लिहिलं, ॲप उघडल्यावर एकच चौकोन दिसतो, त्यापुढे काही नाही, हे ॲप काही उपयोगी काम करत नाही. मला आधी कळेचना. मग डोक्यात उजेड पडला. तो बिचारा कुठल्यातरी शहरातल्या टेबलाशी बसून वाट बघत राहिला असणार. त्याला काय माहीत की आधी रामराम घालायचा असतो! मावळातलं शेंबडं पोरही चुकलं नसतं. आणि हे मला सुचलं नाही, नानांना सुचलं नाही, कारण आम्हाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

मी म्हटलं, काढून टाकते. पहिल्या पानावर थेट सगळे चौकोन देते, एका तासाचं काम, परवापर्यंत पास होऊन येईल. नानासुद्धा तयार झाले, म्हणाले, ऱ्हाऊ दे बाय, अडलंय आपलं. तेवढ्यात आठवलं की विचारायचं राहिलं. मी खुर्चीपुढे उकिडवी बसले आणि म्हटलं, “आबा, तुम्ही सांगा. रामराम काढू का?”

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं नाही असं काही विचारलं होतं. मग मान हलवली. नाही. पुन्हा एकदा, सावकाश, नाही. काठीने लॅपटॉपकडे खूण केली, तिथून माझ्याकडे, आणि डाव्या हाताची बोटं तोंडापाशी नेऊन उघडमीट केली. सांग त्यांना.

सांगितलं. पाठवताना तपासणाऱ्यासाठी चार ओळी लिहायची जागा असते, ती मी आजवर मोकळी सोडत होते. तिथे लिहिलं की हे ॲप बोलणं गेलेल्या माणसांसाठी आहे. पहिला चौकोन नमस्काराचा आहे. आमच्याकडे नमस्कार केल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाहीत, आणि बोलता येत नाही म्हणून माणसाची रीत सुटत नाही. कृपया तो दाबा, पुढचं सगळं उघडेल. शिवाय त्या चौकोनाशेजारी दाबणाऱ्या बोटाचं एक चित्र काढलं. चित्र आबांना दाखवलं. त्यांना बोट वाकडं वाटलं. सरळ केलं.

मधल्या दिवसांत भारे खळ्यावर आले. पेंढ्यांना हात लावला की अंग खाजायला लागतं, आणि संध्याकाळी अंघोळ केली तरी कुसं मानेत राहतात. आजही मानेवरून हात फिरवला की मला ती खाज आठवते. झोडणी सुरू झाली, फळीवर पेंढी आपटल्याचा तो धप्प धप्प आवाज या बांधावरून त्या बांधावर. आणि त्या आवाजातच एका दुपारी मेल आली. पास. काही गडबड नाही, अभिनंदन वगैरे यंत्राने लिहिलेलं. तुमचं ॲप आता दुकानात उपलब्ध आहे.

मी ओरडले नाही. लॅपटॉपवरची माझी जुनी फाइल पुसली आणि तो आबांच्या पुढ्यात स्टुलावर ठेवला. स्टोअर उघडून दिलं, बाकी त्यांनी केलं. डाव्या हाताने, मी कागदावर लिहून दिलेलं नाव बघत, एकेका अक्षरावर थांबत, ॲप शोधलं. चित्र बघितलं, बोट सरळ आहे याची खात्री केली. प्रकाशकाच्या जागी माझं नाव होतं, त्यावर जरा वेळ बोट ठेवलं. मग ‘मिळवा’ दाबलं. ती चौकट आली नाही. नानांचा, म्हणजे त्यांचाच म्हणा, आवाज ओसरीवर म्हणाला, ‘रामराम.’

मला वाटलं, आता बोलतील. कसलं काय! त्यांनी चौकोन एकामागून एक दाबायला घेतले, गुरांना पानी दावलं का, मीठ कमी हाय, पंखा बंद करा, एकही न सोडता, कान देऊन, मापं घेतल्यासारखं. त्यांची तपासणी चालली होती. आई हसत होती आणि डोळे पुसत होती. सगळं तपासून झाल्यावर त्यांनी मला हाताने बाजूला व्हायला सांगितलं आणि काठीने खळ्याकडे दाखवलं. तिकडे न्या.

आम्ही खुर्ची, स्टूल, लॅपटॉप असं सगळं खळ्यावर नेलं. आमची झोडणी संपत आली होती. बायका पदर झटकत होत्या, हिरामावशी विळे गोळा करत होती. तिच्या खालच्या वाफ्यातलं उशिरा पिकणारं भात अजून उभं होतं, ते उद्या कापायचं असं तिचं नानांशी बोलणं चाललं होतं, कोणकोण येणार ते. आमचं नाव अर्थातच नव्हतं. आबांनी पडदा दाबला.

‘रामराम.’

सगळ्या वळल्या. आधी नानांकडे पाहिलं. नानांचं तोंड मिटलेलं होतं.

आबांचं बोट पडद्यावर फिरलं, एकदा चुकलं, मागे आलं. ‘उद्या.’ मग पुन्हा शोधलं, आणि दाबलं. ‘आमच्या घरचं मानूस येतंय.’

मला वाटलं मावशी आईकडे वळेल, म्हणेल, कशाला, राहू द्या. तिने हातातले विळे खाली ठेवले, पदर डोक्यावर घेतला आणि आबांच्या समोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, वाक्य लहान केलं नाही. म्हणाली, “रामराम भाऊ. येऊ द्या मग. दव हाय तवरच लागायचंय, उशीर नगं.”

आबांनी मान डोलावली. व्यवहार ठरला. मग त्यांनी मानेनेच माझ्याकडे खूण केली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की घरचं माणूस म्हणजे मी. शाळा सुटल्यापासून विळा धरला नव्हता मी. दुसऱ्या दिवशी कंपनीत सकाळी बैठक होती, महत्त्वाची, मीच बोलावलेली.

तिथेच खळ्यावर पेंढ्यांना टेकून मी फोनवर रजेचा अर्ज भरला. कारण विचारलं होतं. मी लिहिलं, वडिलांनी शब्द दिला आहे.